जिप्सी उचलताना : काळ्या रानासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

गाडी मारुती जिप्सी किंग, २०११ ची, कापडी टपाची, पासिंग एमएच १३, म्हणजे सोलापूर. पुढे-मागे अखंड हौसिंग (दोन चाकांना जोडणारी आडवी नळी), चारी चाकांना पाटे, इंजिन १.३ लिटर पेट्रोल. विकणाऱ्याने ती ‘लिफ्ट केलेली’ म्हणूनच विकली आणि शेजारी दुसरी जिप्सी उभी केली तर उंच दिसतेही. पण पुणे रस्त्याला मोहोळ ओलांडून ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग सारखं सांभाळावं लागतं, वळण संपलं तरी ते आपणहून सरळ होत नाही, आणि रानात शिरलं की मागचं एक चाक हवेत. उंची आहे, उपयोग नाही.

काम कशासाठी करायचं ते आधी लिहून ठेवतो, कारण गॅरेजात पाय ठेवला की प्रत्येक जण आपल्या मनातली गाडी सुचवायला लागतो. मामांचं रान माचणूरच्या बाजूला, भीमेकाठी. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्याच एका पाणंदीतून जातात आणि गुडघाभर चाकोऱ्या पडतात. मधला वरंबा फेब्रुवारी-मार्चपर्यंत वाळून इतका टणक होतो की डिफ (हौसिंगमधला गिअरचा गोळा) त्यावर टेकला की फोर व्हीलमध्ये टाकूनही गाडी जागची हलत नाही. पावसाळ्यात वेगळीच गंमत. काळी माती टायरला धरते, थरावर थर चढतो, टायर आणि मडगार्डमधली जागा भरून जाते आणि चाक आवळून बसतं. आमच्याकडे मोटारसायकलवाले काडी घेऊन मडगार्ड उकरत बसलेले दिसतात ते याचसाठी.

तर मागणी अशी : डिफ जमिनीपासून वर, चारी चाकं शक्यतो जमिनीला, आणि मडगार्डमध्ये चिखलाला जागा. दिसण्याचा मुद्दा यादीत नाही.

१८ जानेवारी

बरेच जण इथेच फसतात म्हणून सविस्तर. अखंड हौसिंगच्या गाडीत पाटे उंच केले की चेसिस, इंजिन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), बॉडी हे सगळं वर जातं, पण हौसिंग आणि त्यातला डिफ चाकांच्या मध्यावरच राहतो. चार इंच लिफ्ट करा नाहीतर सहा, डिफखालची मोकळी जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरने, आणि तीही टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्मी.

मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिमी. बोलेरोला येतो तो २१५/७५ आर १५, व्यास ७०३ मिमीच्या थोडा वर. म्हणजे डिफ साधारण १८ मिमी वर. त्याच्या पुढचा २३५/७५ घेतला तर ३३ मिमी मिळतात, पण व्यास जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढतो. ऐंशी घोड्यांचं छोटं इंजिन, मूळचेच गिअर. एवढं ओझं चढावर दुसऱ्या गिअरात लगेच कळतं. शिवाय बोलेरोचं माप मंगळवेढ्यात, अक्कलकोटला, करमाळ्यात कुठल्याही टायरवाल्याकडे रात्री नऊलाही मिळतं. माझ्या लेखी हा मुद्दा जादा पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे. २१५/७५ ठरला.

मग लिफ्ट कशाला? तो टायर पूर्ण वर दाबला गेला तरी मडगार्डला घासू नये आणि वर चिखलाला हाताची चार बोटं जागा राहावी म्हणून. हिशेब केला तर पन्नास मिलिमीटर पुरतात. त्याहून जास्त उचललं की प्रॉपेलर शाफ्ट (डिफला फिरवणारा दांडा), ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगच्या लिंका असं एकेक करून सगळंच बदलावं लागतं आणि गाडीचा भार उंचावर जाऊन ती वळणात कलायला लागते.

२६ जानेवारी

जिप्सीवाल्यांचा आवडता मार्ग म्हणजे पाटे हौसिंगच्या खालून काढून वर बसवणं. कंपनीकडून पाटा हौसिंगच्या खाली असतो. तो वर घेतला की हौसिंगची जाडी अधिक पाट्यांची जाडी एवढी, पाच-साडेपाच इंच उंची एका झटक्यात मिळते, तेही जुन्याच पाट्यांवर. म्हणून स्वस्त वाटतं. पण हौसिंगवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते, आणि ब्रेक किंवा पिकअप देताना हौसिंग पाट्याला पिळते. डोंगरात दगडांवर चढायची हौस असेल त्याला ते लखलाभ. मला पाणंदीतून जाऊन परत हायवेने घरी यायचं आहे.

कायद्याचंही बघितलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने मूळ ठरवलेला आणि नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. उंची आणि टायरचं माप दोन्ही यात सापडू शकतात. हे करणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून करावं आणि विमा कंपनीला कळवावं. अपघातानंतर कळवण्यात अर्थ नसतो. माझ्यापुरती हद्द मी ठरवली आहे : चेसिसला कटर लागणार नाही, हौसिंगला वेल्डिंग लागणार नाही, जे बसेल ते मूळच्या भोकांत बोल्टवर बसेल, आणि कंपनीचे पाटे, शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी), टायर तेल लावून गोणपाटात राहतील. तपासणीला जाताना गाडी मूळ रूपात जाईल.

२ फेब्रुवारी

गाडी खड्ड्यावर घेतली आणि ‘लिफ्ट’ सापडली. चारी बाजूंना घरगुती लांब शॅकल, मूळच्यापेक्षा दोन इंच जास्त, पट्टी कापून केलेले. मागे शिवाय एक जाड पाटा कोंबलेला, आठ मिलिमीटरचा.

लांब शॅकलचा हिशेब कुणीही घरी करू शकतो. पाट्याचं एकच टोक खाली गेलं, दुसरं पक्कं आहे, म्हणून दोन इंच शॅकलला गाडी उठते एक इंच. बरं, जिप्सीत पुढच्या पाट्यांना शॅकल पुढच्या टोकाला असतो. ते टोक पन्नास मिलिमीटर खाली गेलं आणि पाटा दोन डोळ्यांत (टोकांच्या बोल्टाच्या कड्यांत) मीटरभराच्या आतबाहेर, म्हणजे सगळा पाटा जवळजवळ तीन अंशांनी पुढे झुकला. त्याच्याबरोबर हौसिंग झुकली, आणि हौसिंगबरोबर कॅस्टर गेला. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, चाक आपणहून सरळ होतं ते त्याच्यामुळे. अँगल गेज लावून पाहिलं तर अर्ध्या अंशाच्या आसपास उरला होता. मोहोळच्या पुढे गाडी का भटकते याचं उत्तर तिथे मिळालं.

मूळचे शॅकल बाजारातून आणून बसवले, बुश नवे टाकले. कॅस्टर साडेतीन अंशांवर आला. होटगी रोडला फिरवून आणली, हात सोडला की स्टिअरिंग सरळ. पुढच्या सगळ्या कामाला ही पायाभूत अवस्था धरतो.

९ फेब्रुवारी

मोजमापं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतो, म्हणजे टायर बदलला तरी आकडा तोच राहतो. पुढे डावीकडे ४७ सेंमी, उजवीकडे ४६. मागे डावीकडे ४९, उजवीकडे ४८. उजवी बाजू ड्रायव्हरची, वर्षानुवर्षं एकच माणूस तिथे बसून पाटा उतरला आहे.

चाक किती लवतं तेही मोजलं. उजवं पुढचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवत नेलं आणि त्याच बाजूचं मागचं चाक जमीन सोडेपर्यंतची उंची घेतली : ३१ सेंमी. मागचा कोंबलेला पाटा तसाच ठेवूनची ही उंची. काम झाल्यावर हाच आकडा पुन्हा घेणार. लिफ्ट जमली की नाही ते मडगार्डची उंची नाही, हा आकडा सांगेल.

२३ फेब्रुवारी

हैदराबाद रोडला ट्रकचे आणि उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे करणारी दुकानं आहेत. पुणे-हैदराबाद आणि विजापूरकडची वाहतूक दोन्ही सोलापुरातून जाते, वर साखर कारखाने, त्यामुळे पाट्यांच्या कामाला इथे हात चांगले आहेत. ज्या उस्तादांकडे गेलो ते तीस-पस्तीस वर्षं हेच करतात. माझं ऐकून घेतलं, कोंबलेला जाड पाटा हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला आणि म्हणाले, “साहेब, पाटा जाड केला की गाडी उठंल, पण वाकंल का? वाकला न्हाई तर चाक उचलंल की ओ.”

सगळं काम या एका वाक्यात आलं. पाट्याची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सात मिलिमीटरचा घन ३४३, सहाचा २१६. एक मिलिमीटर कमी केला तर एक पाटा तीनपंचमांशाच्या थोडा वर एवढाच ताठ राहतो. आणि पातळ पाट्याचा दुसरा फायदा असा की तेवढंच वाकवलं तर त्याच्यावर ताण कमी येतो, म्हणजे तो जास्त वाकू शकतो. माझ्या गाडीत पुढे सात मिलिमीटरचे चार पाटे होते. त्याऐवजी सहाचे पाच. मागे सातचे चार आणि तो आठचा एक. त्याऐवजी सहाचे सहा. कागदावर पुढचा संच पूर्वीच्या ऐंशी टक्के ताठ होतो, मागचा सत्तर टक्के. उंची जाडीतून आणायची नाही, कमानीतून आणायची.

जुन्याच पाट्यांना कमान द्यावी का, हे मीही विचारलं. उस्तादांनी नको म्हटलं आणि कारण दिलं. गार पाटा हातोड्याने पिटून कमान दिली तर महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. भट्टीत लाल करून वाकवला आणि तसाच गार होऊ दिला तर पोलाद मऊ पडतं, मग तो साध्या पट्टीसारखा वाकून बसतो. नीट करायचं तर साडेआठशे-नऊशे अंशांवर तापवायचा, साच्यावर कमान द्यायची, तेलात विझवून कडक करायचा, आणि पुन्हा साडेचारशे-पाचशेच्या आसपास तावून कडकपणा थोडा उतरवायचा. पाण्यात विझवला तर तडकण्याची भीती. एवढं करायचंच तर जुन्या, गंजाने खड्डे पडलेल्या पाट्यावर का करा? प्रत्येक खड्डा म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. नवीन स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या ठरल्या.

लांबीचाही विचार केला. त्याच लांबीच्या पाट्याला कमान जास्त दिली की दोन डोळे जवळ येतात आणि शॅकल आत ओढला जातो. शॅकल उभा किंवा उलटा झाला की पाट्याला लांब व्हायला वाट राहत नाही आणि गाडी दगडासारखी चालते. म्हणून मेन पाटा (डोळे असलेला, सगळ्यांत लांब) पंधरा-वीस मिलिमीटर लांब ठेवला, वाढीव लांबी सेंटर बोल्टच्या (संच मधोमध धरणाऱ्या बोल्टच्या) दोन्ही बाजूंना विभागून, म्हणजे हौसिंग जागची सरकत नाही. दुसऱ्या पाट्याची टोकं मेन पाट्याच्या डोळ्याभोवती अर्धी वळवून घ्यायला सांगितली. रानात मेन पाटा तुटला तरी हौसिंग सुटून जात नाही.

चारही संचांचे मिळून नऊ हजारांच्या घरात सांगितले.

८ मार्च

पाटे तयार. उस्तादांनी प्रत्येक संच प्रेसखाली सपाट होईपर्यंत दाबून सोडला, परत दाबला. जे बसायचं ते आत्ताच बसतं, गाडीखाली गेल्यावर नाही. एक मागचा संच बाकीच्यांपेक्षा आठ मिलिमीटर जास्त उतरला. तो त्यांनी न विचारता बाजूला काढला, सोडवला, त्यातला एक पाटा परत भट्टीत घातला. अशा माणसाकडे काम द्यावं.

पाट्यांच्या टोकांखाली नायलॉनच्या चकत्या, टोकं घासून गोल केलेली. पाटा वाकतो तेव्हा पोथीची पानं सरकावीत तसे पाटे एकमेकांवरून सरकतात. टोक धारदार असेल तर ते खालच्या पाट्यात रुतत जातं आणि तिथूनच तो तुटतो. बांधायच्या क्लिपाही आवळून पिटलेल्या नकोत, बोल्ट आणि नळीच्या केल्या, चाक खाली लोंबताना पाटे सुटे व्हायला जागा राहते.

१६ मार्च

मागची बाजू. चेसिस स्टँडवर, हौसिंग जॅकवर. यू-बोल्टच्या (पाटे हौसिंगला आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) नटांनी सकाळ खाल्ली, दोन गॅसने कापावे लागले. यू-बोल्ट नवेच घालायचे, हा नियम. एकदा ताणलेला बोल्ट परत तसा धरत नाही, आणि यू-बोल्ट ढिला पडला की सेंटर बोल्टचं डोकं तुटून हौसिंग तिरपी होते.

डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आत्ता फक्त हाताने. गाडी चाकांवर उभी करून, वजन पाट्यांवर आल्यावर आवळायचे. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. सोलापुरातल्या निम्म्या गाड्यांचे बुश याच कारणाने जातात असं माझं मत आहे.

२३ मार्च

पुढची बाजू. पाटे तासाभरात बसले, बाकी दिवस त्यांच्या सोबत्यांत गेला.

ब्रेकचे रबरी पाइप : चाक पूर्ण खाली लोंबवलं तर पुढचे दोन्ही तारेसारखे ताणले जात होते. ते लांब करून घेतले, मागचा मधलाही. पाइप बदलल्यावर ब्रेकची हवा काढली, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाइप टायरला लागत नाही ना ते टॉर्चने पाहिलं. हे तपासल्याशिवाय लिफ्ट केलेली गाडी रस्त्यावर काढू नये. ज्या दिवशी चाक खड्ड्यात पूर्ण लोंबेल त्या दिवशी पाइप तुटेल, आणि ब्रेकची गरजही तेव्हाच असेल.

ड्रॅग लिंक : चेसिस वर गेली, स्टिअरिंग बॉक्स वर गेला, हौसिंग तिथेच. लिंक थोडी तिरकी झाली आणि सरळ चालताना स्टिअरिंग एका बाजूला वळलेलं दिसायला लागलं. चाकं नीटच होती. लिंकचे लॉकनट सोडून तिची लांबी जुळवली, स्टिअरिंग मध्यावर. पन्नास मिलिमीटरला एवढ्यावर भागतं.

कॅस्टर पुन्हा मोजला : तीन अंशांच्या थोडा वर. दोन्ही डोळे सारखेच वर गेल्यामुळे तो टिकला. शॅकलने उचलणं आणि कमानीने उचलणं यातला सगळा फरक या आकड्यात दिसतो.

३० मार्च

शॉकअप. मूळचे आता चाक पूर्ण लोंबण्याआधीच संपतात. म्हणजे गाडीचं चाक शॉकअपला टांगलं जातं. पाटे मऊ करून मिळवलेलं तिथेच अडतं, आणि धक्क्याने शॉकअपचा डोळाही तुटतो. उलट बाजूला, फार लांब शॉकअप घेतला तर चाक वर दाबताना तो आत ठोकतो. दोन्ही टोकं मोजल्याशिवाय घ्यायचे नाहीत. एक शॉकअप काढून, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन बैठकींतलं अंतर घेतलं, दोन्हीकडे थोडी जागा सोडून माप पुण्याला कळवलं.

बंप स्टॉपखाली तीस मिलिमीटरचे ठोकळे आले. मऊ पाटा जास्त दाबला जाणार, त्याला थांबवणारं काहीतरी टायर मडगार्डला लागण्याआधी हवं.

१३ एप्रिल

टायर बसले, शॉकअप बसले. पाच टायर, पाचवा स्टेपनी. चार मोठे आणि स्टेपनी लहान असं फोर व्हीलच्या गाडीत चालत नाही. दोन्ही हौसिंग एकत्र गुंतल्यावर वेगळ्या मापाच्या चाकाने ट्रान्सफर केसवर ताण येतो.

काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने जाते. हे लक्षात ठेवायचं.

हेडलाइट खाली केले. नाक उंच झालं की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि तुळजापूर रस्त्याला रात्री समोर पायी चालणारे लोक असतात. भिंतीसमोर गाडी उभी करून पाच मिनिटांचं काम आहे, फारच थोडे लोक करतात.

उंची : पुढे ५३, मागे ५५ सेंमी. ठरवल्यापेक्षा पंधराएक मिलिमीटर जास्त, पण पाटे अजून बसायचे आहेत.

११ मे

पारा बेचाळीसच्या वर. गाडीखाली सकाळी आठपर्यंतच जाता येतं, नंतर पाना हातात धरवत नाही.

यू-बोल्ट पुन्हा आवळले. पहिल्या काही शे किलोमीटरांत पाटे एकमेकांवर बसतात आणि नटांना फेरा मिळतोच. या वेळी मागच्या डाव्या बाजूला अर्धा फेरा बसला. उंची पुढे ५१.५, मागे ५३.५ वर स्थिरावली. दोन्ही बाजू सारख्या.

साठ-सत्तरला बारीक थरथर होती. लिफ्टनंतर थरथर आली की सगळे डिफखाली पाचर घालायला सांगतात. आधी मोजलं : ट्रान्सफर केसचा आणि डिफचा फ्लँज एकमेकांना समांतर, एका अंशाच्या आत. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर क्रॉसची (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याची) कमी-जास्त गती एकमेकांना खाऊन टाकते, कोन थोडा वाढला तरी. पाचर घातली असती तर हे समांतरपण मोडलं असतं. मागच्या शाफ्टचा एक क्रॉस हलत होता. तो बदलला, थरथर गेली.

चाक लवण्याची परीक्षा : ४४ सेंमी. तेरा सेंमी वाढ, आणि मडगार्डकडून पाहिलं तर गाडी लिफ्ट केली आहे हे पटकन कळतही नाही.

२२ जून

मृगाचा पाऊस दमदार झाला, आणि दोन दिवस उघडीप मिळाल्यावर माचणूरला गेलो. अर्धवट वाळलेली काळी माती सगळ्यांत वाईट. पूर्ण ओली असली तर सुटते, पूर्ण वाळली तर रस्ता असतो. मधल्या अवस्थेत ती धरते.

पाणंदीच्या तोंडाशी हवा २६ वरून १६ पाउंडवर उतरवली. टायर पसरतो, भार जास्त मातीवर वाटला जातो, रुतणं कमी. मामा शेजारी बसले होते, “एवढी हवा काढून चालंल व्हय रं?” म्हणत होते. चाकोरी सोडून एक चाक वरंब्यावर आणि एक चाक बांधाच्या कडेला ठेवून गेलो. पूर्वी असं गेलं की मागचं चाक सुटायचं आणि मोकळं फिरायचं. आता चारी चाकं खाली होती. वरंब्याच्या सगळ्यांत उंच जागी डिफ नुसता घासून गेला. १८ मिलिमीटरची किंमत तिथे कळली.

पाणंदीच्या दुसऱ्या टोकाला उतरून मडगार्डमध्ये पाहिलं. टायरवर बोटभर मातीचा थर, मडगार्डच्या आत वेगळा थर, आणि मधे तीन बोटं उजेड. चाक हाताने फिरत होतं. बांधावरच्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, किती इंच उचलली? दोन म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना.

डांबरी लागण्याआधी पंपाने हवा परत २६. कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापून फाटतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण अशी गाडी झाली की लोक माळ शोधत फिरतात. नान्नजकडचा माळ माळढोकाच्या अभयारण्याचा आहे. तिथे गवतात गाडी घालायची नाही, आणि अभयारण्याबाहेरच्या गवताळ माळावरही नाही. माळावर घरटं करणारे पक्षी अंडी उघड्या जमिनीवर घालतात, ड्रायव्हरच्या सीटवरून ती दिसत नाहीत. पाणंद, ओढ्याची वाट, स्वतःचं किंवा विचारून घेतलेलं रान एवढं पुरेसं आहे.

१४ सप्टेंबर

पावसाळाभर वापरून झालेली तपासणी. पाट्यांची उंची जिथल्या तिथे, फक्त उजवीकडे पुढे तीन मिलिमीटर कमी. नायलॉनच्या चकत्यांपैकी मागची एक बाहेर सरकली होती, परत बसवली. पाट्यांच्या मधली माती पाण्याच्या जोराने काढली. ती आत राहिली तर सरकताना पॉलिशपेपरचं काम करते. डिफच्या ऑइलमध्ये पाणी नाही. श्वासनळ्या दोन्ही हौसिंगवरून रबरी पाइप लावून वर इंजिनच्या खोलीत नेल्या होत्या, त्यांचा उपयोग ओढा ओलांडताना झाला : गरम हौसिंग गार पाण्यात गेली की आत हवा ओढते, नळी खाली असती तर पाणी ओढलं असतं.

हायवेला वाऱ्याच्या झोतात गाडी पूर्वीपेक्षा किंचित जास्त हलते. ताशी ऐंशी ही माझी मर्यादा ठरली आहे. सरासरी लिटरमागे किलोमीटरभराने उतरली.

रब्बीच्या पेरण्यांआधी राहिलेलं : उजव्या पुढच्या संचात उस्तादांना एक पाटा दोन-तीन मिलिमीटर जास्त कमानीचा करायला सांगितला आहे, ड्रायव्हरच्या बाजूचा उतार कायमचा धरून. आणि यू-बोल्ट पुन्हा एकदा.